गर्भारपणातली सोनोग्राफी आणि बाळाचा मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या टेबलावर आल्यावर बाई आधी पडद्याकडे बघते. बाळ हललेलं दिसलं की हसते. मग पोटावरचं जेल पुसत उठताना आवाज जरा खाली करून विचारते, "मॅडम, याने बाळाच्या डोक्याला काही होत नाही ना?" हा प्रश्न कधी तिचा स्वतःचा असतो, कधी बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंचा, तर कधी रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचलेल्या कशाचा तरी. बाहेर दहा जणी खोळंबलेल्या असतात, म्हणून मीही "काही नाही होत" म्हणून मोकळी होते. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं इथे लिहिते.

सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेसारखंच रेडिएशन ना?

नाही. एक्स-रे आणि सीटी स्कॅनचे किरण पेशीतल्या डीएनएची मोडतोड करू शकतात. सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरवतात तो प्रोब २ ते ५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा आवाज सोडतो. तो आत जाऊन आपटतो, परत येतो आणि त्या प्रतिध्वनींतून चित्र तयार होतं.

भीतीला मूळ मात्र आहे. १९५० च्या दशकापर्यंत गरोदर बायकांच्या पोटाचे एक्स-रे काढले जात. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ मध्ये दाखवलं की पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये पुढे कॅन्सर जास्त आढळतो. डॉक्टरमंडळींना हे पचायला बरीच वर्षं गेली. नेमक्या त्याच सुमारास ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड वेगळ्या वाटेवर होते. १९५५ मध्ये ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून बॉयलरच्या एका कारखान्यात घेऊन गेले, कारण धातूतली चीर शोधायचं आवाजाचं यंत्र तिथे होतं. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हा सोनोग्राफीला एक्स-रेची धाकटी बहीण समजू नका. ती कारखान्यातून आली आहे.

आवाजच आहे, तर मग शंभर टक्के निर्धोक म्हणायचं का?

असं मी म्हणत नाही. आवाज म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा जिथे शोषली जाते तिथे काहीतरी करते. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, ऊती किंचित तापतात. दोन, आवाजाच्या दाबाने सूक्ष्म धक्के बसतात आणि जिथे वायूचे बुडबुडे असतात तिथे ते फुगून फुटू शकतात. दुसऱ्या गोष्टीची पोटातल्या बाळाबाबत चिंता कमी, कारण त्याच्या फुप्फुसात आणि आतड्यात अजून हवाच नसते. लक्ष ठेवायचं ते उष्णतेवर.

मऊ मांसापेक्षा हाड आवाज कितीतरी जास्त शोषून घेतं. बाळाची कवटी टणक होत जाते तशी तिला चिकटून असलेल्या मेंदूच्या भागाला ऊब लागण्याची शक्यता वाढते. म्हणूनच मशिनच्या पडद्यावर 'टीआय' (थर्मल इंडेक्स) नावाचा आकडा सतत दिसतो. टीआय १ याचा ढोबळ अर्थ असा की प्रतिकूल परिस्थिती धरली तर तिथलं तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने वाढू शकेल. दहा आठवड्यांच्या आत मऊ ऊतींचा टीआय बघायचा, त्यानंतर हाडांचा. जागतिक तज्ज्ञ संघटनांचं मत असं की शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दीड अंशापर्यंतची वाढ काळजीची नाही, पण ४ अंशांची वाढ ५ मिनिटं टिकली तर ती धोक्याची ठरू शकते. नेहमीच्या, राखाडी चित्राच्या सोनोग्राफीत टीआय बहुतेक वेळा १ च्या खालीच असतो.

तुलनेसाठी सांगते. आईला १०२-१०३ फॅरेनहाइट ताप तासन् तास राहिला तर बाळाचं सगळं शरीर तितकं तापतं, आणि पहिल्या महिन्यांत ते मेंदूला खरोखर घातक असू शकतं. पण "ताप अंगावर काढू का?" असं विचारणारी मला फारशी भेटत नाही.

मेंदूचंच नाव का निघतं? हात, पाय, किडनी यांचं का नाही?

कारण मेंदू ज्या रीतीने बांधला जातो ती रीतच नाजूक आहे. मेंदूच्या पेशी जिथे कायम राहतात तिथे जन्मत नाहीत. त्या आत, पोकळ्यांच्या कडेला जन्मतात आणि दोरखंडासारख्या लांब तंतूंना धरून बाहेरच्या पृष्ठभागाकडे चढतात. मागून येणारी पेशी आधीच्यांना ओलांडून त्यांच्या वरच्या थरात जाऊन बसते. दहीहंडीचं चित्र डोळ्यासमोर आणा: नंतर चढणारा आधीच्यांच्या खांद्यावरून वर जातो. माणसाच्या बाळात ही चढाई मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात चालते, आणि आपल्या बऱ्याचशा सोनोग्राफी त्याच काळात होतात. म्हणून शंका घेणं चूक नाही. शास्त्रज्ञांनीही ती घेतली.

उंदरांच्या मेंदूवर परिणाम झाला, असं वाचलंय. ते खरं आहे का?

खरं आहे, आणि तो प्रयोग करणारे कुणी सटरफटर नव्हते. पेशी तंतूंना धरून कशा चढतात हे समजावून देणाऱ्यांत ज्यांचं नाव आघाडीवर आहे ते येल विद्यापीठाचे पास्को राकिच यांच्या गटाने २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. गाभण उंदरांच्या पोटावर, गर्भाच्या सोळाव्या दिवसाच्या आसपास, वेगवेगळ्या कालावधीसाठी अल्ट्रासाउंड सोडला. ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ आवाज झेललेल्या पिल्लांच्या मेंदूत काही पेशी आपल्या थरापर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्या खालच्या थरांत किंवा त्याखालच्या पांढऱ्या भागात विखुरलेल्या सापडल्या. वेळ वाढली तसा परिणामही वाढला. सगळ्यात लांब मात्रा तासांत मोजायची, ४२० मिनिटांची होती.

आता हे माणसाला लावून पाहू. उंदराच्या गर्भाचा मेंदू शेंगदाण्याहून लहान असतो, त्यामुळे तो आख्खा आवाजाच्या झोतात येतो. तुमच्या पोटात झोत एका वेळी मेंदूच्या छोट्या भागातून जातो, आणि प्रोब एका जागी धरलेला नसतो, फिरत असतो. प्रयोगात तो स्थिर होता. उंदराच्या पेशींची ही चढाई काही दिवसांत उरकते, माणसाच्या बाळात ती कित्येक आठवडे चालते. त्यामुळे अर्धा तास हा उंदराच्या हिशेबात मोठा तुकडा होतो आणि आपल्या हिशेबात कण. शिवाय आवाज न सोडता नुसतं यंत्राखाली धरून ठेवलेल्या उंदरांनाही तुलनेसाठी घेतलं होतं, कारण आईला बसणारा ताणही मोजायला हवा होता.

राकिच यांनी स्वतःच सांगितलं की वैद्यकीय गरजेच्या सोनोग्राफी थांबवाव्यात असा याचा अर्थ नाही, पण गरजेवाचून लांबवलेल्या थांबवाव्यात. मला हे वाक्य त्या सगळ्या प्रयोगाहून मोलाचं वाटतं. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं तेवढंच गळून पडतं.

माणसांच्या मुलांवर कुणी अभ्यास केलाय का?

केलाय, आणि चांगला केलाय. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम आणि ओलेसुंड या गावांत १९७९ ते १९८१ या काळात गरोदर बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाची १९ आणि ३२ आठवड्यांना ठरवून सोनोग्राफी केली, दुसऱ्याची फक्त गरज पडली तर. आज असा प्रयोग कुठलीही समिती मंजूर करणार नाही, कारण सोनोग्राफीशिवाय ठेवायला कुणी बाईच तयार होणार नाही. पुढे ती दोन हजारांहून जास्त मुलं आठ-नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचं वाचन, लिहिणं, गणित तपासलं. फरक आढळला नाही. त्याआधी अमेरिकेतल्या एका अभ्यासात सोनोग्राफी झालेल्या मुलांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना-लिहिताना येणारी अडचण, जास्त दिसला होता, ती शंका मुख्यतः या कामाने मिटली.

ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये २,८०० हून जास्त बायकांवर दुसरा प्रयोग झाला. एका गटाची एकच सोनोग्राफी, दुसऱ्याची डॉपलरसकट (म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीसकट) पाच वेळा. १९९३ मध्ये निकाल आला तेव्हा पाच वेळावाल्या गटात कमी वजनाची बाळं थोडी जास्त निघाली, आणि खळबळ उडाली. पण त्याच मुलांचा आठ वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात वाढ, बोलणं, भाषा, वागणूक यांत दोन्ही गट सारखेच होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यात ४१ अभ्यास एकत्र पाहिले गेले. बाळाच्या शारीरिक किंवा मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम दिसला नाही. एक गोष्ट तेवढी उरली, ती पुढच्या प्रश्नात.

या पुराव्याला एक भोक आहे, तेही सांगते. हे प्रयोग जुन्या मशिनवर झाले. १९९२ च्या सुमारास एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने गर्भासाठी आवाजाच्या ऊर्जेची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ वरून ७२० मिलिवॉटवर नेली, म्हणजे जवळजवळ आठपट. अट एकच: टीआयसारखे आकडे पडद्यावर दिसले पाहिजेत, म्हणजे वापरणाऱ्याने बघून ठरवावं. चित्र सुधारलं आणि जबाबदारी मशिनवरून माझ्यासारख्यांच्या डोळ्यांवर आली. नव्या मर्यादेत दोन गट पाडून केलेला तसा मोठा प्रयोग झालेला नाही. म्हणून "पुरावा नाही" याचा अर्थ मी "बिनधास्त व्हा" असा काढत नाही, "गरजेपुरतं करा" असा काढते.

माझा मुलगा डावखुरा निघाला. सोनोग्राफीमुळे का?

तीच ती उरलेली गोष्ट. नॉर्वेच्या मुलांत, आणि नंतर स्वीडनच्या आकडेवारीतही, सोनोग्राफी झालेल्या मुलग्यांमध्ये उजवा हात न वापरणारे थोडे जास्त निघाले. मुलींमध्ये नाही. संबंध कमकुवत आहे, आणि तो योगायोगही असू शकतो, कारण पन्नास गोष्टी तपासल्या की एखादी वेगळी निघतेच. पण तो पुन्हा पुन्हा डोकावतो म्हणून संशोधकांनी तो झाकून ठेवलेला नाही.

तुमच्या घरात कुणी मामा, आजोबा डावखुरे होते का, ते आधी बघा. आणि डावखुरं असणं हा आजार नाही. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरतो आणि सही डाव्या हाताने करतो.

ऑटिझमशी संबंध आहे का?

मुलाला ऑटिझम असल्याचं कळलेली आई जेव्हा हे विचारते तेव्हा तिला खरं तर दुसरंच विचारायचं असतं: माझी काही चूक झाली का? नाही झाली.

अभ्यास असे आहेत. कॅलिफोर्नियात सोनोग्राफींची संख्या मोजून पाहिली, संबंध निघाला नाही. स्वीडनमध्ये सुमारे ३० हजार मुलांचा मागोवा घेतला. त्यांच्या आयांपैकी काहींची पहिली सोनोग्राफी १२ व्या आठवड्यात, काहींची १८ व्या आठवड्यात होईल अशी वाटणी आधीच झालेली होती. ऑटिझमचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं. २०१८ मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीत सोनोग्राफी जास्त वेळा झालेली नव्हती, पण आवाजाची खोली सरासरीने थोडी जास्त होती. फरक सेंटिमीटरभराहूनही कमी. आईच्या पोटावरची चरबी जाड असली की खोली आपोआप वाढते, आणि आईचं वजन हा स्वतंत्र मुद्दा आहे. बातमीचा मथळा मात्र सोनोग्राफीच्या नावाने झाला.

एकूण किती वेळा केलेली चालते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला वाटतं तो चुकीच्या बाजूने विचारला जातो. आठ मिनिटांच्या चार सोनोग्राफी आणि गंमत म्हणून पाऊण तास चाललेली एक, यांत मला दुसरीची काळजी जास्त वाटेल. कशासाठी, कोणत्या मोडवर आणि किती वेळ, हे बघायला हवं.

जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी सुचवते. आपल्याकडे साधारण चार होतात: सुरुवातीला बाळ गर्भाशयातच आहे ना आणि दिवस किती भरले हे बघायला, मग ११ ते १३ आठवड्यांची एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी), मग पाचव्या महिन्याची ॲनॉमली (व्यंग आहे का ते बघणारी), आणि शेवटी वाढ बघायला. जुळी, बीपी, शुगर, कमी पाणी असेल तर जास्त. यातली ॲनॉमली वेळेवर व्हावी असा माझा आग्रह असतो. बाळात गंभीर व्यंग निघालं तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. विसाव्या आठवड्याऐवजी पंचविसाव्यात आलेल्या जोडप्याला काय सांगायचं, हा प्रसंग माझ्यावर आला आहे.

कलर डॉपलर जास्त धोकादायक असतो ना?

जास्त ऊर्जेचा असतो, हे बरोबर. त्यातही एकाच रेषेत टिच्चून आवाज सोडणारा पल्स डॉपलर. म्हणून ११ ते १४ आठवड्यांत तो सरसकट वापरू नये, लागलाच तर टीआय १ च्या आत ठेवावा आणि पाच-दहा मिनिटांत आटपावं, असं या विषयातली आंतरराष्ट्रीय संस्था सांगते. सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके दिसतात की नाही हे बघायला डॉपलर लागतच नाही. एम-मोडवर ठोक्यांची रेघ उमटते, दर मोजता येतो. "आवाज ऐकवा ना" म्हणून हट्ट धरणाऱ्या नवऱ्यांना मी ती रेघ दाखवते. त्यांचा हिरमोड होतो, होऊ दे.

पण सातव्या-आठव्या महिन्यात चित्र उलटतं. समजा बाळाची वाढ खुंटली आहे. वारेतून रक्त कमी येतं, आणि बाळ शहाण्या गृहिणीसारखं वागतं: हातापायांचं, आतड्याचं रक्त कमी करतं आणि मेंदूकडे वळवतं. मेंदूच्या मधल्या रक्तवाहिनीतला प्रवाह बदललेला डॉपलरवर दिसतो. नाळेतल्या रक्ताचा प्रवाह ठोक्यांच्या मध्ये थांबतोय का, उलटा जातोय का, हेही दिसतं. बाळाला पोटात ठेवायचं की बाहेर काढायचं, हा निर्णय यावर होतो. जोखमीच्या गर्भारपणात नाळेचा डॉपलर वापरल्याने बाळांचे मृत्यू कमी होतात, हे एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. "डॉपलर मेंदूला वाईट" म्हणून तो टाळणारी बाई ज्या मेंदूला वाचवू पाहते, तो आतमध्ये प्राणवायूसाठी झगडत असू शकतो.

खालून केलेली सोनोग्राफी?

प्रोब बाळाच्या जवळ असतो, म्हणून चित्र स्वच्छ येतं आणि काम लवकर आटपतं. टीआयचा नियम तोच.

शेवटच्या दिवसांत बाळाचे ठोके नोंदवणारा एनएसटीचा पट्टा वीस-वीस मिनिटं, कधी तासभर लावतात. ते?

त्यातही डॉपलरच असतो, पण ऊर्जा खूप कमी. लावू द्या.

घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. घ्यावं का?

घेऊ नका. वेळेवर कुणाचा ताबा नसतो, हे एक कारण. अमेरिकेच्या एफडीएनेही यासाठी आणि हौसेच्या थ्रीडी-फोरडी व्हिडिओंसाठी सावध केलं आहे. माझ्या मते दुसरं कारण मोठं आहे: आपल्याच नाडीचा आवाज बाळाचा समजून, हालचाल कमी झालेली असताना बाई घरी थांबते.

हौसेच्या व्हिडिओंचा प्रश्न आपल्याकडे कायद्यानेच सोडवला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये देशभराचा आला. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी कशासाठी केली हे नोंदवणारा फॉर्म एफ भरावा लागतो, आणि त्यातल्या २३ कारणांत 'आठवण म्हणून' हे कारण नाही. तो कायदा मुलींसाठी केला होता, पण बाळांच्या मेंदूलाही त्याचा फायदा झाला.

मशिनवर टीआय किती आहे, हे मी विचारलं तर डॉक्टर रागावतील का?

मला विचारलं तर मी खूश होईन. ब्रिटनच्या अल्ट्रासाउंड संस्थेचा तक्ता असा: टीआय ०.७ पर्यंत वेळेचं बंधन नाही. १ पर्यंत तासभर, दीडपर्यंत अर्धा तास, २ पर्यंत पाव तास, अडीचपर्यंत ४ मिनिटं, ३ पर्यंत एक मिनिट, त्यावर बाळासाठी नकोच. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

सोनोग्राफीत मेंदू नॉर्मल आला, म्हणजे बाळ हुशार होणार ना?

सोनोग्राफीत मेंदूची बांधणी दिसते, बुद्धी नाही. पाचव्या महिन्यात मी दोन्ही बाजूंच्या पोकळ्या १० मिलिमीटरच्या आत आहेत का बघते, लहान मेंदूचा आकार बघते. पाठीचा कणा नीट मिटला नसेल तर बऱ्याचदा खूण डोक्यातच मिळते: कवटी समोरून लिंबासारखी टोकदार आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकडा. या दोन खुणांना जगभरचे डॉक्टर खरोखरच लिंबू आणि केळं म्हणतात. वीस आठवड्यांना मेंदू बराचसा गुळगुळीत असतो, वळ्या नंतर पडतात, म्हणून काही दोष सातव्या-आठव्या महिन्याशिवाय दिसत नाहीत.

मेंदूसाठी तुमच्या हातात असलेल्या गोष्टी टेबलाबाहेर आहेत. दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड, कारण मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटून जाते, तेव्हा कित्येकींना कळलेलंही नसतं. आयोडिनचं मीठ. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या. आणि मशेरी बंद. सोनोग्राफीला घाबरणाऱ्या काही बायकांचे दात मी बघते, आणि मनात म्हणते, अगं, तंबाखू तर रोज सकाळी जातोय आत.

ग्रहणाच्या दिवशी अपॉइंटमेंट आहे. पुढे ढकलू?

ढकलायची गरज नाही. पण तुम्ही नाहीच येणार, हे मला माहीत आहे, त्यामुळे दुसरा दिवस घ्या. एनटी असेल तर मात्र १३ आठवडे ६ दिवसांच्या पुढे जाऊ नका.

सोनोग्राफी सुरू झाली की बाळ तोंडावर हात घेतं. त्याला आवाजाचा त्रास होतो का?

मूळ आवाज त्याच्या कानाच्या कितीतरी वरचा आहे. पण यंत्र तो सलग सोडत नाही, तुकड्यातुकड्यांनी सोडतं, आणि त्या तुकड्यांच्या ठेक्याने ऐकू येण्याजोगं कंपन तयार होऊ शकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवलं. प्रोब थेट कानावर रोखला तरच ते तिथे पोचतं, जरा सरकवला की नाही. त्याने इजा झाल्याचं दिसलेलं नाही.

बहुतेक वेळा बाळाला त्रास आवाजाचा नसतो, माझ्या दाबण्याचा असतो. आणि पुष्कळदा त्याला फक्त तसंच झोपायचं असतं. चेहरा दिसत नाही म्हणून मी प्रोब रोखून वाट बघत बसत नाही. आईला म्हणते, "जा, बाहेर एक चक्कर मारून या, काहीतरी खा, दहा मिनिटांनी आत या." तोवर मी पुढच्या बाईला घेते.